थांबा पालिकेचा, बस कोणाची?

भारतीय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतील सतरावी नोंद वाचकांनी एकदा काढून वाचावी, अशी माझी विनंती आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविण्याच्या अठरा विषयांची ही यादी घटनेत घातली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आली. सतराव्या नोंदीत सार्वजनिक सुविधा आहेत : रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे आणि स्वच्छतागृहे. बसथांबे आहेत, बस नाही. नगररचना पहिल्या नोंदीत आहे, रस्ते व पूल चौथ्या नोंदीत आहेत, गुरांचे कोंडवाडे पंधराव्यात आहेत, कत्तलखाने अठराव्यात आहेत. शहरातल्या शहरात माणसांची ने-आण कोणी करावयाची, हा विषय मात्र अठरांपैकी एकाही नोंदीत सापडत नाही.

मसुदा लिहिणाऱ्याची नजरचूक म्हणून हे सोडून देता आले असते. पण गेल्या तीस वर्षांत देशातील मध्यम आकाराच्या शहरांचे जे झाले आहे, ते पाहता ही उणीव आपल्या प्रशासनाच्या मनोवृत्तीचे नेमके चित्र आहे, असे मला वाटते. पत्र्याचे छप्पर आणि वर जाहिरातीची पाटी असलेला थांबा उभा करणे आपल्याला जमते. त्या थांब्यावर ठरलेल्या वेळी बस आणणे हे कोणाचे काम आहे, असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. या लेखात मला याविषयी लिहावयाचे आहे, आणि त्यासाठी मी मुद्दाम पानिपत हे शहर निवडले आहे. (येथील मते माझी व्यक्तिगत आहेत, शासनाची नव्हेत. लेखातील माहिती सर्वांना उपलब्ध असलेलीच आहे.)

मराठी माणसाला पानिपत म्हणजे १४ जानेवारी १७६१. आपल्या भाषेत तर ‘पानिपत होणे’ हा सर्वनाशासाठीचा वाक्प्रचारच झाला. परंतु त्या नावाचे एक जिते-जागते शहर आहे आणि ते दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर आहे, याची जाणीव आपल्याला फारशी नसते. १९८५ साली राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा कायदा झाला तेव्हापासून पानिपत त्या क्षेत्रात आहे. १९८९ मध्ये कर्नालमधून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, २०१० मध्ये शहराला महानगरपालिका मिळाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या जवळ होती, जिल्ह्याची बारा लाखांवर. घोंगड्या, चादरी, सतरंज्या, गालिचे यांचे हे शहर आहे. जगभरातून आलेले जुने लोकरी कपडे येथे फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढले जाते आणि त्या सुताची ब्लँकेटे विणली जातात. हे काम करणाऱ्यांत बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगालमधून आलेल्या कामगारांचा वाटा मोठा आहे. ही माणसे खोलीपासून कारखान्यापर्यंत रोज कशी जात असतील, हा प्रश्न साधा आहे, आणि शहराच्या अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने तोच पहिला आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की पानिपतात वाहतुकीवर पैसा खर्च झाला नाही असे म्हणता येत नाही. शहराच्या मधून जाणाऱ्या जीटी रोडवर सुमारे १० किलोमीटर लांबीचा उन्नत मार्ग बांधण्यात आला आणि २००८ मध्ये तो सुरू झाला. काम उत्तम झाले. दिल्लीहून चंदीगड-अमृतसरकडे जाणारा प्रवासी आता काही मिनिटांत पानिपत ओलांडतो. ‘ओलांडतो’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याला पानिपतात थांबावयाचे नाही, त्याची सोय त्या खांबांवर झाली. ज्याला पानिपतातच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावयाचे आहे, तो खांबांच्या मधल्या गर्दीत राहिला.

नंतर बसस्थानकाची पाळी आली. शहराच्या मध्यावर, जीटी रोडवर असलेले जुने स्थानक गर्दीचे कारण ठरले आणि २०२३ मध्ये ते दक्षिणेला, महामार्गावरील सिवाह गावाजवळ हलविण्यात आले. मोठ्या गाड्या शहराबाहेर थांबाव्यात, हा विचार नगररचनेच्या पुस्तकात अगदी योग्य आहे. पण त्याच पुस्तकात पुढचे वाक्यही असते : स्थानक बाहेर नेण्यापूर्वी तेथून शहरात आणणारी नियमित, स्वस्त आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणारी सेवा सुरू करावी. क्रम उलटला की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. पानिपतात विद्युत बसची शहरसेवा सुरू झाली ती जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे स्थानक हलल्यानंतर. तोवर सिवाहला उतरलेल्या प्रवाशाची गाठ होती ती रिक्षावाल्याशी, आणि भाडे ठरे त्याच्या सामानाकडे पाहून.

तिसरी गोष्ट अजून यावयाची आहे. दिल्ली-पानिपत ही जलद प्रादेशिक रेल्वे राजधानी क्षेत्राच्या आराखड्यातील पहिल्या तीन अग्रक्रमाच्या मार्गांपैकी एक. प्रथम ती सुमारे १०३ किलोमीटरची होती, आता ती कर्नालपर्यंत नेण्याची योजना आहे. तिची भगिनी असलेल्या दिल्ली-मेरठ मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. पानिपतची गाडीही एक दिवस येईल. तेव्हा दिल्लीहून पानिपतला पोहोचण्यास तासभर लागेल, आणि स्थानकाबाहेर पडून घरी पोहोचण्यास कदाचित तेवढाच.

येथे १७६१ ची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना त्या काळच्या हिंदुस्थानात नावाजलेला होता. तोफांची उणीव नव्हती, शौर्याची तर नव्हतीच. नोव्हेंबर १७६० पासून पानिपतावर अडकून पडलेल्या सैन्याला उणीव होती धान्याची. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली आणि उपाशी फौज जानेवारीत रणात उतरली. इतिहासाची उदाहरणे मी एरवी टाळतो, कारण ती सगळ्यांनाच हवी तशी वापरता येतात. पण आपले नियोजन तोफांच्या प्रेमात असते आणि रसदीचा हिशेब कोणी ठेवीत नाही, हे म्हणण्यासाठी याहून योग्य जागा मला दिसत नाही. उन्नत मार्गाचे उद्घाटन होते, जलद रेल्वेचे भूमिपूजन होते. सकाळी साडेपाचची बस साडेपाचलाच सुटली, याचा समारंभ कधी होत नाही.

आता मूळ प्रश्न : ही बस कोणाची? हरियाणात राज्य परिवहन हे महामंडळ नाही, शासनाचे एक खाते आहे. महाराष्ट्रातील वाचकांना एसटी महामंडळाची सवय असल्याने हा फरक समजावून सांगितला पाहिजे. खात्याच्या गाड्यांचे तिकिटाचे पैसे सरकारी तिजोरीत जातात आणि खर्च अर्थसंकल्पातून येतो. पानिपत आगाराने प्रवासी दुप्पट केले तरी आगाराच्या हाती त्यातून काही उरत नाही, आणि निम्मे घालविले तरी कोणाचे काही अडत नाही. शिवाय हे खाते आंतरशहर सेवेसाठी घडलेले आहे. त्याचे वेळापत्रक दिल्ली, चंदीगड, रोहतक यांकडे पाहते. जाटल रोडवरील किंवा बरसत रोडवरील कामगार त्याच्या नजरेच्या टप्प्यात नाही, आणि यात त्या खात्याचा दोष नाही. महापालिका रस्ता आणि थांबा पाहते. वाहतूक पोलीस कोंडी पाहतात. परिवहन प्राधिकरण परमिट पाहते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण वरचा पूल पाहते. प्रत्येकजण आपापले काम करतो आणि प्रवाशाचे काम कोणाचेच नसते.

जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेली विद्युत बससेवा हे स्वागतार्ह पाऊल होते, यात शंका नाही. नऊ शहरांसाठी ३७५ बसगाड्यांची योजना राज्याने आखली आणि तिचा आरंभ पानिपतातून, पाच गाड्यांनी झाला. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थोडे अंकगणित केल्याखेरीज राहवत नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ मध्ये नागरी वाहतुकीचे सेवामानदंड ठरविले. त्यांनुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही उत्तम पातळी, आणि ०.२ पेक्षा कमी ही सर्वांत खालची. तीन लाखांच्या शहराला उत्तम पातळीसाठी १८० गाड्या लागतात. सर्वांत खालच्या पातळीतून नुसते वर डोके काढावयाचे तरी ६० लागतात. ३७५ गाड्या नऊ शहरांत सारख्या वाटल्या तर वाट्याला येतात ४१ किंवा ४२. म्हणजे योजना पूर्णपणे यशस्वी झाली तरी पानिपत तळाच्याच पायरीवर राहील, तेही २०११ ची लोकसंख्या धरून.

दुसरे गणित अधिक महत्त्वाचे आहे. समजा मार्ग १० किलोमीटरचा आहे आणि गर्दीत बस ताशी १५ किलोमीटरने जाते. एका दिशेला ४० मिनिटे, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटांचा थांबा, म्हणजे पूर्ण फेरी ९० मिनिटांची. पाचही गाड्या या एकाच मार्गावर लावल्या तर दर १८ मिनिटांनी बस येईल. नऊ लावल्या तर दर १० मिनिटांनी. पण त्याच पाच गाड्या तीन मार्गांवर वाटल्या, दोन, दोन आणि एक, तर दोन मार्गांवर ४५ मिनिटांनी आणि तिसऱ्यावर दीड तासाने बस येईल. दीड तासाने येणाऱ्या बससाठी कोणी उभे राहत नाही. ती बस रिकामी धावते, आणि मग ‘लोकांना बस नकोच आहे’ असा अहवाल लिहिला जातो. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या वॉर्डातून बस हवी असते. त्यामुळे गाड्या वाटून टाकण्याचा मोह अनावर असतो. तो मोह आवरणारा, ‘आधी एक मार्ग नीट चालवू’ असे म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस यंत्रणेत असावा लागतो. पानिपतात, आणि पानिपतासारख्या शेकडो शहरांत, घोडे नेमके येथे पेंड खाते.

यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात.

पहिला, बस तोट्यात चालते. होय, चालते. १९७२ मध्ये हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की बसचा प्रवासी वाढला की फेऱ्या वाढतात, आणि फेऱ्या वाढल्या की आधीच्या प्रत्येक प्रवाशाचाही वाट पाहण्याचा वेळ कमी होतो. नवा प्रवासी असा इतरांचा फायदा करून देतो, पण तो फायदा तिकिटात वसूल होत नाही. म्हणून चांगल्या बससेवेला अनुदान देणे हे अर्थशास्त्राला धरूनच आहे. रस्ता रुंद केला तर त्याचा ताळेबंद कोणी मागत नाही, रस्त्यावरचा दिवा किती तोट्यात आहे हे कोणी विचारत नाही. बसच्या बाबतीत मात्र आपण एकदम दुकानदार होतो.

दुसरा, ई-रिक्षांनी हा प्रश्न सोडविला आहे. २०१६ मध्ये केंद्राने ई-रिक्षांना परमिटच्या अटीतून मोकळे केले, आणि उत्तर भारतातील शहरे त्यांनी भरून गेली. ई-रिक्षावाल्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. शासनाने जे केले नाही ते त्याने कर्ज काढून केले. परंतु तो प्रवासी भरल्याशिवाय निघू शकत नाही, आणि प्रवासी असतील तेथेच जातो. रात्रपाळी संपवून पहाटे सेक्टर २५ किंवा २९ मधून निघणारी स्त्री त्याच्या भरवशावर नोकरी धरू शकत नाही. खात्रीचे वाहन नसेल तर ती नोकरी नाकारते, किंवा घराजवळच्या कमी मजुरीच्या कामावर राहते. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात येत नाही. माझ्या मते या साऱ्या विषयात खरे पणाला लागलेले आहे ते हेच.

तिसरा, महापालिकांची ही कुवत नाही. या आक्षेपाला महाराष्ट्राने फार पूर्वी उत्तर दिले आहे. मुंबई महापालिकेने बेस्ट १९४७ मध्ये ताब्यात घेतली. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात, जो आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो, परिवहन उपक्रमासाठी स्वतंत्र प्रकरण आहे : परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक आणि परिवहन निधी. घटनादुरुस्तीच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी आपल्याकडील कायद्याने बस ही शहराची जबाबदारी मानली होती. पुणे, कोल्हापूर, सोलापूर येथे वाढलेल्या वाचकाला पालिकेची बस ही इतकी स्वाभाविक वाटते, की बहुतेक भारतीय शहरांत ती कधी नव्हतीच, हे त्याला सांगावे लागते.

महाराष्ट्राने याबद्दल पाठ थोपटून घ्यावी, असे मात्र मी म्हणणार नाही. बेस्टच्या स्वतःच्या गाड्या एके काळी चार हजारांवर होत्या. आज त्यांची संख्या कितीतरी खाली आली आहे आणि भाडेतत्त्वावरील गाड्यांवर भिस्त वाढली आहे. सोलापूरची सेवा क्षीण झाली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सेवा २००७ मध्ये एकत्र झाल्या, तेव्हापासून तूट कोणी किती भरावयाची, हा विषय दरवर्षी असतोच. तरीही एक फरक उरतो. पुण्यात बस आली नाही तर शिव्या कोणाला द्यावयाच्या, हे पुणेकराला ठाऊक असते. पानिपतच्या नागरिकाला हे सुखही नाही. लोकशाहीत जबाबदारीचा आरंभ तेथूनच होतो.

परदेशी राहणाऱ्या वाचकांसाठी एक उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये १९८६ साली लंडन वगळता सर्वत्र बससेवा बाजाराकडे सोपविण्यात आली. लंडनमध्येही गाड्या खासगी कंपन्याच चालवितात, पण मार्ग, वेळापत्रक आणि भाडे शहराची संस्था ठरविते. मँचेस्टर परिसराने जवळजवळ चाळीस वर्षे मोकळ्या बाजाराचा अनुभव घेतला आणि सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने आपल्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. चालक खासगी कंपनीचा असला तरी बिघडत नाही, वेळापत्रक शहराचे असले पाहिजे, हा त्यातील धडा. तो शिकण्यासाठी पानिपतकरांनी मँचेस्टरला जाण्याचीही गरज नाही. त्यांच्याच राज्यात गुरुग्रामला २०१७ च्या कायद्याने महानगर विकास प्राधिकरण मिळाले, शहर बससाठी स्वतंत्र कंपनी निघाली आणि २०१८ मध्ये ‘गुरुगमन’ सेवा सुरू झाली. म्हणजे हरियाणा शासनाला हे कसे करावे ते ठाऊक आहे. जे काचेच्या मनोऱ्यांच्या शहराला मिळाले, ते घोंगड्या विणणाऱ्या शहराला का मिळू नये, एवढाच प्रश्न आहे.

काय करावे, हे थोडक्यात सांगतो.

१. राज्याच्या महापालिका कायद्यात शहर बस हे पालिकेचे कर्तव्य म्हणून लिहावे आणि त्यासाठी स्वतंत्र परिवहन निधी ठेवावा. त्यात वाहनतळाचे उत्पन्न आणि राज्याचे ठरलेले अनुदान जमा व्हावे. दरवर्षी याचना करण्याची वेळ येऊ नये.

२. एक अधिकारी नेमावा. त्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि कार्यकाल थांब्यावर लिहिलेला असावा. त्याच्या हाताखाली वेळापत्रक आखणारे दोन प्रशिक्षित लोक असावेत. त्याची बदली तीन वर्षे होऊ नये.

३. गाड्या कोणाच्याही असोत, कंत्राट प्रति किलोमीटर दराने द्यावे आणि चुकलेल्या प्रत्येक फेरीचा दंड व्हावा. मात्र असा करार कामगारांशी बोलून करावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये खासगी बस किलोमीटरप्रमाणे भाड्याने घेण्याच्या योजनेवरून हरियाणात परिवहन कर्मचाऱ्यांचा जो दीर्घ संप झाला, त्याचा विसर पडू देऊ नये.

४. पहिली बस सिवाह स्थानक, रेल्वे स्थानक आणि औद्योगिक सेक्टर यांना जोडणाऱ्या एकाच मार्गावर, दर दहा मिनिटांनी, पाळ्यांच्या वेळा पाहून चालवावी. तो मार्ग भरला की दुसरा. ई-रिक्षांना या मार्गाच्या थांब्यांपर्यंत प्रवासी आणण्याचे काम आणि उभे राहण्यास जागा द्यावी. त्यांना हुसकावून लावू नये.

५. ठरलेल्या फेऱ्या किती आणि प्रत्यक्ष झालेल्या किती, हे दोन आकडे दरमहा प्रसिद्ध करावेत. याहून अधिक माहितीची आरंभी गरज नाही.

हे सर्व जलद रेल्वे येण्याच्या आधी व्हावयास हवे. ती आल्यानंतर स्थानकाभोवतीच्या जमिनीचे भाव चढतील, रस्ते भरतील आणि बससाठी जागा मागणे दसपटीने कठीण होईल.

दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून अनेकजण पानिपतच्या काला अंब स्मारकावर जातात. शहरापासून ते सुमारे ८ किलोमीटरवर आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा गाडी भाड्याने करण्यापूर्वी रेल्वे स्थानकाबाहेर कोणालाही विचारून पाहा : तिकडे बस जाते का, किती वाजता, आणि कोणाची? आपण जेथे कोठे राहत असाल, बडोद्यात, इंदुरात, दिल्लीत वा परदेशात, तेथेही हाच प्रश्न विचारा. जेथे तिसऱ्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर मिळत नाही, तेथे पहिल्या दोहोंची उत्तरेही फार दिवस टिकत नाहीत.